व्हॅलेंटाईनच्या सणात गुलाब सगळ्यात उशिरा आलाय

प्रश्न असा आहे की व्हॅलेंटाईन डे नक्की सुरू कुठून झाला, त्यात गुलाब आणि चॉकलेटच का देतात, १४ फेब्रुवारीला गुलाब एवढा महाग का होतो आणि हे सगळं कंपन्यांनी काढलेलं खूळ आहे का. मी मावळात, पवनानगरच्या बाजूला पॉलीहाऊसमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या शेडमध्ये, गुलाब करतो, आमचं वर्षाचं गणित या एका तारखेवर बसलेलं असतं. त्यामुळे महागाईचं उत्तर धंद्यातून देतो आणि इतिहासाचं वाचनातून, कारण ज्याच्या नावावर पोट भरतं तो बाबा होता तरी कोण हे बघायची खाज होतीच.

तर बाबा. एक नाही, निदान दोन व्हॅलेंटाईन सांगतात, एक रोमचा पाद्री आणि दुसरा तेर्नी गावचा बिशप, दोघंही तिसऱ्या शतकातले, दोघांनाही रोमन राजवटीत मारलं, आणि दोघांनाही व्हिया फ्लामिनिया नावाच्या एकाच रस्त्यालगत पुरलं म्हणतात. म्हणून बऱ्याच अभ्यासकांना वाटतं की माणूस एकच असावा आणि दोन गावांनी तो आपापला करून घेतला, आपल्याकडे संताच्या जन्मगावावरून दोन गावं भांडतात तसं. क्लॉडियस राजाने सैनिकांच्या लग्नावर बंदी घातली आणि हा चोरून लग्नं लावून द्यायचा ही जी गोष्ट दर फेब्रुवारीत व्हॉट्सॅपवर फिरते ती खूप नंतरची आहे, त्या काळातला काहीही पुरावा नाही. चर्चमध्ये तर त्याला फेफरं येणाऱ्यांचा आणि मधमाश्या पाळणाऱ्यांचा रक्षक संत मानतात. १९६९ मध्ये कॅथलिक चर्चने आपलं सणांचं मुख्य कॅलेंडर साफ केलं तेव्हा १४ फेब्रुवारीचा व्हॅलेंटाईन त्यातून काढूनही टाकला, माहिती नक्की नाही म्हणून. संत म्हणून तो आहे, पण सगळ्यांनी पाळायचा दिवस म्हणून नाही. म्हणजे ज्यांचा संत त्यांनी सोडला आणि आम्ही मावळात बसून त्याच्या नावाने कळ्या मोजतोय.

दुसरी एक थिअरी असते की रोममध्ये १५ फेब्रुवारीला लुपरकेलिया नावाचा सण असायचा, बकऱ्याच्या कातड्याच्या पट्ट्यांनी बायकांना फटके मारत पोरं पळायची, त्याने मूल होतं असा समज, आणि चर्चने तो मोडून त्याच्या जागी व्हॅलेंटाईन आणला. पोप गेलासियसने पाचव्या शतकाच्या शेवटी त्या सणाला विरोध केला हे खरं, पण त्याच्या बदल्यात प्रेमाचा दिवस दिला याला आधार नाही. तारखा शेजारी शेजारी आहेत एवढंच.

प्रेमाशी खरा संबंध लागतो तो चौदाव्या शतकाच्या शेवटी, इंग्लंडमध्ये, आणि तोही पक्ष्यांमुळे. चॉसर नावाच्या कवीने १३८० च्या आसपास एक मोठी कविता लिहिली, त्यात संत व्हॅलेंटाईनच्या दिवशी सगळे पक्षी निसर्गदेवतेसमोर जमतात आणि आपापला जोडीदार निवडतात. त्याच्या आधी या दिवसाला प्रेमाशी जोडणारं काही लिहिलेलं सापडत नाही, त्यामुळे बहुतेक लोक सुरुवात इथूनच धरतात. थोडक्यात हा सण धर्मातून आलेला नाही आणि कंपनीतूनही नाही, दरबारात बसून कविता ऐकणाऱ्या मंडळींच्या करमणुकीतून आलाय.

मग शंभरेक वर्षांत ती कल्पना गावच्या जमीनदार घरांपर्यंत पोचली. १४७७ च्या फेब्रुवारीतलं एक पत्र आजही जपून ठेवलेलं आहे, नॉरफोकमधल्या मार्जरी ब्रूज नावाच्या मुलीने जॉन पॅस्टन या होणाऱ्या नवऱ्याला लिहिलेलं, त्यात ती त्याला माझा व्हॅलेंटाईन म्हणते. इंग्रजीतलं सगळ्यात जुनं व्हॅलेंटाईन पत्र म्हणून ते दाखवतात. पण लोक जे सांगत नाहीत ते हे की त्या पत्रात मुद्दा हुंड्याचा आहे! पॅस्टनकडच्यांना रक्कम कमी वाटत होती, मुलीचा बाप वाढवून द्यायला तयार नव्हता, आणि ही बिचारी लिहिते की आईने बाबांना खूप सांगून बघितलं पण ते काही वाढवत नाहीत, तुझं माझ्यावर खरं प्रेम असेल तर मला तेवढ्यावरून सोडू नकोस. तिच्या आईनेही त्याला वेगळं पत्र धाडलं होतं, की शुक्रवारी व्हॅलेंटाईनचा दिवस आहे, प्रत्येक पक्षी जोडीदार निवडतो, तर तूही ये आणि बोलणी कर. सासू हुशार होती. लग्न झालं त्यांचं.

आता गिफ्टकडे येतो, कारण मला यात सगळ्यात जास्त रस आहे. सतराव्या शतकात लंडनमध्ये सॅम्युएल पीप्स नावाचा आरमाराच्या कचेरीतला अधिकारी रोजची डायरी लिहायचा, त्याच्यात व्हॅलेंटाईनच्या गिफ्टांचा हिशोबच सापडतो. तेव्हा पद्धत वेगळी होती, चिठ्ठ्या काढायच्या किंवा सकाळी जो पहिला दिसेल तो तुमचा व्हॅलेंटाईन, लग्न झालेलं असलं तरी चालायचं, आणि मग त्या बाप्याने त्या बाईला काहीतरी द्यायचं. १६६२ ला त्याच्या घरात रंगारी काम करत होते तर त्याची बायको सकाळभर डोळ्यांवर हात धरून बसली, की चुकून रंगारी दिसायला नको. १६६७ ला तो स्वतःच बायकोचा व्हॅलेंटाईन ठरला आणि लगेच लिहून ठेवलंय की याचे मला पाच पौंड पडणार. त्याच वर्षी दरबारातल्या एका सुंदरीबद्दल लिहितो की ड्यूक ऑफ यॉर्क कधीतरी तिचा व्हॅलेंटाईन होता तेव्हा त्याने तिला आठशे पौंडांचा दागिना दिला होता. सर्वसाधारण माणसाचं गिफ्ट म्हणजे हातमोजे आणि पायमोजे. साडेतीनशे वर्षांपूर्वी! तेव्हा कुठली ग्रीटिंग कंपनी आणि कुठलं काय. पण खर्चाची कुरकूर तेव्हाही होती.

आणि बघा, या सगळ्यात गुलाब कुठेच नाही.

नसणारच. शेतकरी म्हणून मला हे पहिल्यांदा खटकलं होतं, फेब्रुवारीत इंग्लंडमध्ये गुलाब फुलतो कुठे? तिकडचे जुने गुलाब जून महिन्यात एकदाच बहरतात, फेब्रुवारीत झाड म्हणजे नुसत्या काटक्या. वर्षभर परत परत फुलणं हा गुण चीनकडच्या गुलाबांचा, ती झाडं अठराव्या शतकाच्या शेवटी जहाजातून युरोपात गेली, त्यांच्याशी संकर होत होत १८६७ च्या सुमाराला हायब्रीड टी प्रकार आला, आज तुम्ही दांडीला एक लांबट कळी असलेला जो गुलाब हातात धरता तो त्याच घराण्यातला. तरीसुद्धा थंडीत तो काढायला काचेचं घर आणि त्यात शेगडी लागायची, म्हणजे श्रीमंतांचं काम. लाल गुलाब म्हणजे प्रेम ही समजूत मात्र फार जुनी, ग्रीकांच्या प्रेमदेवीच्या गोष्टींपासूनची, आणि एकोणिसाव्या शतकात कुठल्या फुलाचा काय अर्थ याची पुस्तकं फ्रान्स-इंग्लंडमध्ये धडाधड खपली. अर्थ तयार होता, माल उपलब्ध नव्हता.

माझं मत विचाराल तर या सणाची सगळी गोष्ट अशीच आहे, जी वस्तू पोचवायची सोय झाली ती वस्तू गिफ्ट झाली. आधी हातमोजे, कारण ते बाजारात मिळायचे. मग १८४० ला ब्रिटनमध्ये पेनी पोस्ट आलं, त्याआधी पत्राचे पैसे अंतरावर आणि कागदांवर ठरायचे आणि बहुतेक वेळा ज्याला पत्र आलं त्याने भरायचे, आता एका पेनीचं तिकीट चिकटवलं की झालं, नाव न लिहिता कुणालाही पाठवा. कार्डांचा पूर आला. लोकांनी त्याचा दुरुपयोगही लगेच शोधला, न आवडणाऱ्या माणसाला टोमणे मारणारी, टकल्याला टकल्या म्हणणारी स्वस्तातली कार्डं निघाली, त्यांना व्हिनेगर व्हॅलेंटाईन म्हणायचे. अमेरिकेत वुस्टर गावच्या एस्थर हाउलंड नावाच्या बाईने १८४० च्या दशकाच्या शेवटाला लेस लावलेली कार्डं करायला घेतली, मुलींना रांगेत बसवून, एक फूल चिकटवणार, एक लेस लावणार, अशी. तिचे वडील स्टेशनरीचे व्यापारी होते म्हणजे माल विकायची वाट घरातच होती.

चॉकलेटचंही तेच. कॅडबरीने १८६० च्या दशकात कोकोमधलं तूप दाबून काढायचं डच मशीन आणलं, कोको पावडर चांगली व्हायला लागली पण तूप उरायला लागलं, त्या तुपाचं काय करायचं तर खायचं चॉकलेट. रिचर्ड कॅडबरीने ते चित्रांच्या देखण्या डब्यात घातलं, पुढे बदामाच्या आकाराचा डबा आला, आणि डबा असा की चॉकलेट संपल्यावर बाईने त्यात पत्रं ठेवावीत. जपानमध्ये तर चॉकलेटवाल्यांनी सण उलटाच केला, १४ फेब्रुवारीला बायकांनी पुरुषांना चॉकलेट द्यायचं, त्यातही ऑफिसातल्या साहेबाला आणि सहकाऱ्यांना कर्तव्य म्हणून द्यायचं वेगळं स्वस्त चॉकलेट असतं, आणि मग १९८० च्या आसपास तिथल्या मिठाईवाल्यांच्या संघटनेने १४ मार्चला पुरुषांनी परतफेड करायचा व्हाइट डे चालू केला. बायका या कर्तव्याला इतक्या वैतागल्या की २०१८ मध्ये गोडिव्हा या चॉकलेट कंपनीनेच पेपरात जाहिरात दिली की बायांनो, हे जबरदस्तीचं वाटप बंद करा. ब्राझीलमध्ये प्रेमिकांचा दिवस १२ जूनला, तोही जाहिरातवाल्याने काढलेला. तेव्हा कंपन्यांनी सण जन्माला घातला नाही, पण मिळालेला सण कसा पिळायचा हे त्यांना बरोबर कळलं, असं म्हणा.

गुलाबाची पाळी आली विमानामुळे. विषुववृत्ताजवळच्या उंच जागा गुलाबाला मानवतात, दिवसा बारा तास ऊन, रात्री गारवा, वर्षभर तेच हवामान. इक्वाडोरमध्ये कायांबेच्या बाजूला समुद्रसपाटीपासून जवळपास २८०० मीटरवर गुलाब होतात, गारठ्याने कळी सावकाश भरते म्हणून टपोरी होते आणि दांडी हातभर. कोलंबियात १९६० च्या दशकात फुलशेती सुरू झाली, १९९१ ला अमेरिकेने कोकेनला पर्याय म्हणून तिकडच्या मालावरचा आयातकर काढला आणि अमेरिकेतल्या स्वतःच्या गुलाब उत्पादकांचं कंबरडं मोडलं, आता अमेरिकेत येणारी बहुतेक फुलं मायामी विमानतळावर उतरतात. युरोपला माल केनियातल्या नैवाशा तळ्याकाठून आणि इथिओपियातून जातो. आणि त्यांच्यात मध्येच आम्ही.

आमच्याकडे मावळात हे का जमलं तर सह्याद्रीच्या पायथ्याचा हिवाळा सौम्य, पवना धरणाचं पाणी, आणि एक्स्प्रेसवेने मुंबई विमानतळ जवळ. तळेगावला फ्लोरिकल्चर पार्क आहे, तिथेच पॉलीहाऊसचं ट्रेनिंग देणारी संस्थाही, इथल्या अर्ध्या पोरांनी तिथूनच सुरुवात केलीय. आमच्यात लाल म्हणजे टॉप सिक्रेट ही जात, मागे ताजमहाल, पॅशन, बोर्डो असे येऊन गेले, पण परदेशाला दाट लाल आणि मोठी कळी पाहिजे तर टॉप सिक्रेटच.

आता महाग का, ते नीट सांगतो. एक्सपोर्टची कटिंग साधारण २५ जानेवारीपासून ७-८ फेब्रुवारीपर्यंत चालते, त्यानंतर तोडलेला माल देशातच जातो, कारण जाऊन, उतरून, परत गुच्छ बांधून दुकानात पोचायला वेळ पाहिजे. थंडीत टॉप सिक्रेटला फांदी छाटल्यापासून फूल तोडायला यायला ४५ ते ५० दिवस लागतात. म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात आम्ही चांगली विकता येणारी फुलंसुद्धा न धरता बेंडिंग आणि पिंचिंग करून टाकतो, म्हणजे फांद्या वाकवतो आणि शेंडे खुडतो, डिसेंबर-जानेवारीचं उत्पन्न सोडून द्यायचं, सगळा फ्लश, म्हणजे फुलांचा बहर, एकदम त्या दोन आठवड्यांत आणायचा. ही पहिली किंमत, जी गिऱ्हाइकाला दिसतच नाही. मग जानेवारीत ढगाळ हवा आली, थंडी वाढली की कळी आठ दिवस मागे पडते, ऊन तापलं की पुढे पळते, ३० जानेवारीची कळी २२ लाच उमलली की ती गेली लोकल मार्केटला पडेल त्या भावात. त्यात डाऊनी नावाचा पानांचा रोग, एका दमट रात्रीत खालची पानं जांभळट डागांनी भरतात आणि दोन दिवसात गळायला लागतात. जानेवारीत आम्ही देवाला कमी आणि हवामानाच्या ॲपला जास्त हात जोडतो.

त्या दिवसांत पॅकहाऊसला येऊन बघा एकदा. तोड सकाळी आणि संध्याकाळी, कळी घट्ट, बाहेरची पाकळी सुटायला नुकती लागलेली, दांडी कापली की लगेच पाण्याच्या बादलीत, बादली तडक कोल्ड स्टोरेजला, २ ते ४ डिग्रीत. मग ग्रेडिंगच्या टेबलावर सेंटिमीटरच्या खुणा असतात, तिथे मावश्या स्वेटर-कानटोप्या घालून उभ्या, एकेक दांडी खुणेला लावून ४०, ५०, ६० अशी वेगळी करायची, मान वाकडी असली, पाकळीवर थ्रिप्स या किडीचा ओरखडा असला की बाजूला. आमच्याकडची एक मावशी दांडी उचलतानाच सांगते, "दादा, ही साठात बसत न्हाई, पन्नासात टाकते," आणि मोजली तर अर्ध्या इंचाने पन्नासातच निघते. वीस फुलांचा बंच, वर पुठ्ठ्याचा कागद, खोका, रीफर म्हणजे थंड गाडी, मुंबई, फायटोचं म्हणजे मालात रोग-कीड नसल्याचं सर्टिफिकेट, विमान. ऑस्ट्रेलियाचा माल असेल तर अजून एक गंमत, दांडीचा खालचा भाग तणनाशकाच्या पाण्यात बुडवून पाठवावा लागतो, म्हणजे कुणी ती दांडी लावून तिथे झाड करू नये आणि आपला रोग तिकडे जाऊ नये. प्रेमाचं फूल, पण राउंडअप पाजलेलं!

आम्हाला एक्सपोर्टला एका फुलाचे १२ ते १६ रुपये मिळतात, वर्ष कसं आहे त्यावर. विमानवाले त्याच आठवड्यात भाडं वाढवतात, जागा मिळत नाही, युरोपला केनियाचा माल आमच्यापेक्षा स्वस्तात पोचतो. गंमत म्हणजे हल्ली १० तारखेनंतर आपल्याकडचाच भाव कधी कधी एक्सपोर्टच्या पुढे जातो, म्हणून काही जण पाठवणं कमी करून दिल्ली, पुण्याचं गुलटेकडी, मुंबईचं दादर इथल्या बाजारातच माल टाकतात. तुम्ही सिग्नलला जो पन्नास रुपयांचा गुलाब घेता त्यात प्लास्टिकचा कागद, व्यापारी, आडत, हमाली, खराब निघालेला माल आणि विकणाऱ्या पोराचं एका दिवसाचं नशीब असं सगळं असतं. १५ तारखेला तोच गुलाब कुणी विचारत नाही, मग लग्नसराई लागेपर्यंत आम्ही वाट बघत बसायचं.

आपल्याकडे हा दिवस नव्वदच्या दशकात केबल टीव्ही आणि ग्रीटिंग कार्डांच्या दुकानांबरोबर आला, मग मुंबईत कार्डं जाळणं, दुकानांच्या काचा फोडणं वगैरे झालं, आणि साधारण त्याच वर्षांत तळेगावला पॉलीहाऊस उभी राहत होती, व्हॅलेंटाईनचं मार्केट डोळ्यासमोर ठेवूनच. आता कॉलेजची पोरं ७ तारखेच्या रोज डेपासून पूर्ण आठवडा करतात, रोज, प्रपोज, चॉकलेट, टेडी, आम्हाला काय, तेवढीच मागणी पसरून मिळते. परकं आहे का, आहेच. पण आपल्याकडेही वसंतात मदनोत्सव होता, हर्षाच्या रत्नावली नाटकाची सुरुवातच त्याने होते. कामदेवाच्या पाच बाणांतली फुलं सांगतात ती म्हणजे कमळ, अशोक, आंब्याचा मोहर, नवमल्लिका आणि निळं कमळ, गुलाब तिथेही नाही. आणि संध्याकाळी घरी येताना पानाच्या पुडीत मोगऱ्याचा गजरा आणणारे आमचे आजोबा कुठला डे पाळत होते? माझी बायको आजही गजराच मागते, गुलाब बघून तिचा जीव विटलाय.

आता घेणारच असाल तर चार कामाच्या गोष्टी. कळीच्या बुडाला, जिथे ती दांडीला जोडते तिथे, दोन बोटांनी हलकं दाबून बघा, टणक लागली तर ताजी, पोकळ लागली तर जुनी किंवा बाहेरच्या पाकळ्या काढून तरुण केलेली. बाहेरच्या एक-दोन पाकळ्यांवर हिरवट, खरबरीत डाग असतील तर घाबरू नका, त्या कळीला सांभाळणाऱ्या पाकळ्या असतात, उलट त्या जागेवर आहेत म्हणजे माल न सोललेला आहे. लाल रंगात निळसर-जांभळी झाक दिसली की तो बरेच दिवस कोल्ड स्टोरेजला पडून होता. चकाकी मारलेला गुलाब घेऊ नका, मला बघवत नाही, पण तो तुमचा प्रश्न. लालच पाहिजे असं नसेल तर त्या आठवड्यात पिवळा, नारंगी, पांढरा बराच स्वस्त मिळतो. रंगांचे अर्थ मनावर घेऊ नका, एका पुस्तकात पिवळा म्हणजे मैत्री आणि दुसऱ्यात मत्सर. घरी आणल्यावर खालची पानं काढा, दांडी तिरपी अर्धा इंच कापा, पाणी एक दिवसाआड बदला आणि फुलदाणी केळी-सफरचंदाच्या टोपलीशेजारी ठेवू नका, पिकणाऱ्या फळातून इथिलीन नावाचा वायू सुटतो, त्याने फूल लवकर मान टाकतं. एवढं केलंत तर आठवडाभर आरामात टिकतो, आणि नाही टिकला तर दुकानदाराला सांगा, त्याने आमचा माल नीट साठवलेला नसतो, नावं मात्र मावळच्या शेतकऱ्याला ठेवतो.